मुखपृष्ठावरचं साल : ओलँप द गूजचं एक नाटक आणि माझी एक चूक

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी विभागाच्या सेमिनारमध्ये मी एक विधान फार आत्मविश्वासाने केलं होतं. पडद्यावर एका फ्रेंच नाटकातले चार-पाच संवाद होते आणि मी म्हणाले, "डिसेंबर १७८९ मध्ये, म्हणजे बास्तील पडल्यावर जेमतेम पाच महिन्यांनी, पॅरिसच्या प्रेक्षकांनी हे शब्द रंगमंचावरून ऐकले." मागच्या रांगेतून एका सिनिअर ताईने विचारलं, "हे कशावरून?" मी म्हटलं, मुखपृष्ठावर छापलंय ना, कोमेदी-फ्रान्सेजमध्ये डिसेंबर १७८९ ला प्रयोग झाला म्हणून. "आणि पुस्तक छापलं कधी?" "१७९२."

तिने पुढे काहीच विचारलं नाही. गरजच नव्हती.

मी मूळची मायक्रोबायोलॉजीची. एम.एस्सी. करून स्त्री-अभ्यासाकडे वळले, त्यामुळे ही चूक मला जास्तच लागली. लॅबमध्ये असताना फ्रीजरमधल्या ट्यूबवर कुणी २०१४ लिहिलं असेल, तर आतलं कल्चर २०१४ चंच आहे असं मी कधीच धरलं नसतं. मधे किती वेळा सबकल्चर झालं, कुणी केलं, वहीत नोंद आहे का, हे आधी पाहिलं असतं. नाटकाच्या बाबतीत मात्र लेबल वाचलं आणि पुढे निघाले. संशोधनाच्या तयारीत असणाऱ्यांपैकी अनेकजण विज्ञानातून मानव्यशास्त्राकडे येण्याचा विचार करत असतात. त्यांच्यासाठी हे आधीच सांगून ठेवते: जुन्या सवयी दाराबाहेर ठेवून येऊ नका, इथे त्या लागतात.

तर ते नाटक. लेखिका ओलँप द गूज. मूळ नाव मारी गूज, जन्म १७४८, दक्षिण फ्रान्समधल्या मोंतोबाँ गावचा. घरची भाषा ऑक्सितान. पॅरिसची फ्रेंच तिला नंतर आली आणि पुष्कळसं लेखन ती दुसऱ्याला सांगून लिहून घ्यायची. आज ती ओळखली जाते ती १७९१ च्या 'स्त्री आणि नागरिक-स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा' या मजकुरामुळे. दरवर्षी ८ मार्चला त्यातलं फाशीचा चौथरा आणि भाषणाचं व्यासपीठ यांबद्दलचं वाक्य सगळीकडे फिरतं. पण ती स्वतःला आधी नाटककार समजत होती. जाहीरनाम्याच्या कितीतरी आधीपासून ती नाटकं लिहीत होती आणि ती रंगमंचावर यावीत म्हणून भांडत होती. जाहीरनामा तेवढा वाचायचा आणि नाटकं 'इतर लेखन' म्हणून बाजूला सारायची, ही आपल्याकडच्या अभ्यासक्रमातली सोय आहे. तिच्या आयुष्याचा क्रम तसा नव्हता.

नाटक समजायला आधी नाट्यगृह समजून घ्यावं लागतं, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. क्रांतीपूर्व पॅरिसमध्ये गंभीर बोलकं नाटक करण्याचा अधिकार व्यवहारात कोमेदी-फ्रान्सेज या राजाश्रयी मंडळीकडे एकवटलेला होता. तिथे नाटक स्वीकारायचं की नाही हे नट-नटी स्वतः वाचन ऐकून ठरवत. स्वीकारलं तरी प्रयोग कधी लावायचा तेही त्यांच्याच हातात. त्यात एक नियम असा, की प्रयोगाचं उत्पन्न एका ठरावीक रकमेच्या खाली गेलं तर लेखकाचा नाटकावरचा हक्क संपायचा आणि नाटक मंडळीचं व्हायचं. म्हणजे न आवडलेलं नाटक मारायचं असेल तर बंदीसुद्धा घालावी लागत नाही. वाईट दिवशी लावा, अर्ध्या मनाने करा, गल्ला आपोआप घसरेल.

ओलँपचं गुलामगिरीवरचं नाटक १७८५ च्या सुमारास स्वीकारलं गेलं आणि मग पडून राहिलं. तिने तक्रारी केल्या, तर प्रकरण तिला बास्तीलमध्ये टाकण्याच्या धमकीपर्यंत गेलं. शेवटी १७८८ मध्ये तिने ते स्वतःच छापलं, 'झामोर आणि मिर्झा' या नावाने. प्रयोग लागला तो २८ डिसेंबर १७८९ ला, तोपर्यंत क्रांती झालेली. आता नाव होतं 'निग्रोंची गुलामगिरी'. वसाहतींत पैसा गुंतलेल्यांची पॅरिसमध्ये ताकद मोठी होती, सभागृहात गोंधळ झाला. तीन प्रयोगांनंतर गल्ला नियमाखाली गेला आणि नाटक उतरवलं गेलं. मग १७९२ मध्ये तिने ते पुन्हा छापलं, तिसऱ्या नावाने, 'काळ्यांची गुलामगिरी'. मी सेमिनारमध्ये दाखवलं ते हे तिसरं.

एक नाटक, तीन नावं, दोन छापील संहिता आणि मधे एक प्रयोग. १७८९ आणि १७९२ यांच्या मधे काय झालं? ऑगस्ट १७९१ मध्ये सें-दोमँगच्या, म्हणजे आजच्या हैतीच्या, गुलामांनी उठाव केला. फ्रान्सची ती सर्वांत श्रीमंत वसाहत. उसाचे मळे जळाले, मालक मारले गेले. पॅरिसमध्ये लोक विचारू लागले की गुलामांच्या डोक्यात हे भरवलं कुणी, आणि बोट दाखवलं गेलं ते गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्यांकडे, त्यात ओलँपकडेही. १७९२ च्या आवृत्तीची प्रस्तावना हे त्या आरोपाला दिलेलं उत्तर आहे. ती मळेवाल्यांना दोष देतेच, पण उठाव केलेल्या गुलामांनाही सुनावते, की क्रौर्याला क्रौर्याने उत्तर देऊन तुम्ही तुमच्याच जुलमी मालकांना बरोबर ठरवताय. ही प्रस्तावना वाचून मग नाटक वाचलं की प्रत्येक संवाद उठावाबद्दल बोलतोय असं वाटायला लागतं. पण १७८९ च्या प्रेक्षकासमोर तो उठाव नव्हताच. त्याला माहीत असलेलं जग वेगळं होतं. मी १७९२ चा चष्मा लावून १७८९ च्या खुर्चीत बसले होते.

आता नाटकाबद्दल. त्याची समीक्षा करताना दोन टोकांची घाई दिसते. पहिली तेव्हाच्या समीक्षकांची. एकाने तर चांगलं नाटक लिहायचं तर हनुवटीला दाढी असावी लागते, अशा अर्थाची मल्लिनाथी केली होती. दुसरी घाई आपली. त्या दाढीवाल्याचा राग येऊन आपण नाटकातला एकही दोष कबूल करत नाही. मला दोन्ही नकोत. मला हे नाटक काही ठिकाणी चांगलं वाटतं आणि काही ठिकाणी खरंच फसलेलं वाटतं, आणि ते ज्या जागी फसतं तीच जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

कथा थोडक्यात अशी. झामोर हा शिकलेला गुलाम, गव्हर्नरच्या मर्जीतला. गव्हर्नरच्या कारभाऱ्याची नजर मिर्झावर असते, ती नकार देते, आणि त्यातून झामोरच्या हातून कारभारी मारला जातो. दोघं पळून एका निर्जन बेटावर येतात. तिथे जहाज फुटतं आणि वालेर व सोफी हे फ्रेंच जोडपं संकटात सापडतं. झामोर बुडणाऱ्या सोफीला वाचवतो. पुढे झामोर-मिर्झा पकडले जातात, मृत्युदंड होतो, सोफी त्यांच्यासाठी रदबदली करते. शिक्षेच्या जागी ती शिपायांच्या रांगेतून घुसून त्या दोघांपुढे उभी राहते. आणि मग कळतं की गव्हर्नर हाच सोफीचा बाप, ज्याला शोधायला ती फ्रान्सहून निघाली होती. बाप विरघळतो, माफी देतो.

शेवट वाचून मी वैतागले होते. हक्काचा प्रश्न उभा केला आणि उत्तर दिलं ते दयेचं! गुलाम सुटतात कारण गव्हर्नरच्या मुलीचा जीव त्यांनी वाचवला. सगळ्यांनाच मुक्त करता आलं असतं तर बरं, निदान त्यांचे हाल कमी करता यावेत, अशा अर्थाचं गव्हर्नर बोलतो. पण मळे तिथेच, साखळ्या तिथेच. कायदा तसाच ठेवून दोन अपवाद केले, एवढंच. राजकीय नाटक म्हणून हा शेवट लंगडा आहे, हे माझं मत अजूनही आहे.

पण सुरुवात पाहा. नाटक उघडतं तेव्हा खून होऊन गेलेला आहे. गुलामाने गोऱ्यांच्या बाजूच्या माणसाला मारलंय, एका स्त्रीवरच्या अत्याचाराच्या प्रयत्नातून हे घडलंय, आणि लेखिका प्रेक्षकाला पहिल्या प्रवेशापासून त्या खुन्याच्या बाजूला बसवते. झामोरला पश्चात्ताप होतो, तो गव्हर्नरला मानतो, हे सगळं मऊ करणारं सामान आहे खरं. तरीही दोन-अडीच तास सभागृहाने कुणाच्या जिवासाठी धडधडायचं हे ठरलेलं आहे. मळेवाल्यांना शेवट खटकला नसणार. शेवट त्यांच्या सोयीचाच आहे. त्यांना खटकली असणार ती ही बसण्याची जागा. माझ्या प्रबंधातला या नाटकावरचा भाग आता या मुद्द्यावर उभा आहे: संहितेतला निष्कर्ष आणि प्रयोगात प्रेक्षकाला दिलेली बाजू, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बापाचा सापडणंही नुसता जुना नाटकी खटका नाही. ओलँप आयुष्यभर सांगत राहिली की आपला खरा बाप मार्की ल फ्रँ द पोंपिन्याँ, जो स्वतः नाटककार होता, आणि त्याने आपल्याला कधी नाव दिलं नाही. आता १७९१ च्या जाहीरनाम्यातलं अकरावं कलम काढा. पुरुषांच्या जाहीरनाम्यात ते कलम विचार मांडण्याच्या स्वातंत्र्याचं आहे. ओलँप तिथे लिहिते की हे स्वातंत्र्य स्त्रीला सर्वांत मोलाचं, कारण त्याच्या जोरावर ती मुलाच्या बापाचं नाव उघड सांगू शकते. अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हटल्यावर आपल्याला वर्तमानपत्र आठवतं. तिला बापाचं नाव आठवलं. नाटकात जे रडूबाई मेलोड्रामा म्हणून आलं तेच दोन-तीन वर्षांनी कायद्याच्या भाषेत आलं. मी आधी जाहीरनामा वाचला होता तेव्हा हे कलम मला विचित्र वाटलं होतं; नाटकानंतर वाचलं तेव्हा अजिबात नाही.

आपल्या वाचकांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट राहिलीच. १७८८ च्या छापील प्रतीवर या नाटकाला 'इंडियन नाटक' म्हटलंय, आणि झामोर-मिर्झाची ओळख पात्रयादीत 'इंडियन' अशी आहे. १७९२ मध्येही ती ओळख टिकलीय. नाटक काळ्या गुलामांबद्दल, नाव मिर्झा, स्थळ 'इंडीज'मधलं एक मोठं शहर! पहिल्यांदा वाचताना मला वाटलं, पाँडिचेरी की काय. तसं काही नाही. हे 'इंडीज' म्हणजे पूर्व आणि पश्चिम यांची खिचडी आहे, पॅरिसहून दूर, समुद्रापलीकडे, उकाड्याचं काहीतरी. कारण मात्र कल्पनेतलं नाही, नाट्यगृहातलं आहे. कोमेदी-फ्रान्सेजच्या नटांना काळ्या माणसांच्या भूमिका त्या रंगात करायच्या नव्हत्या. 'इंडियन' चाललं असतं. ओलँपने १७८८ मध्ये नाटकाबरोबर एक छोटा लेख छापला, त्यात तिने नटांना विनवलं की कृपा करून काळ्या माणसांचाच रंग आणि वेश घ्या. चेहरा काळा फासून भूमिका करणं आज आपल्याला वेगळ्या कारणाने टोचतं, आणि टोचायलाच हवं. पण तेव्हाच्या त्या मंचावर ती जे मागत होती त्याचा अर्थ होता, गुलाम कोण आहे ते झाकू नका. हा तपशील संहिता कितीही बारकाईने वाचली तरी पुरता कळत नाही, त्यासाठी मंडळीची कुरबूर वाचावी लागते.

बाकीच्या नाटकांवरून भरभर जाते. १७९० मध्ये तिचं सक्तीच्या संन्यासाविरुद्धचं, मठातल्या मुलींवरचं नाटक आलं. जानेवारी १७९१ च्या कायद्याने नाट्यगृहांची मक्तेदारी मोडली, कुणालाही थिएटर काढता येऊ लागलं, लेखकाचे हक्क मान्य झाले. तिच्यासारख्या लेखिकांना याचा थेट फायदा होता. मिराबो २ एप्रिल १७९१ ला वारला आणि त्याच महिन्यात तिचं 'स्वर्गातला मिराबो' या थाटाचं नाटक मंचावर होतं. इतक्या ताज्या राजकारणावर लिहिण्याचा धोका काय असतो ते जानेवारी १७९३ मध्ये दिसलं. सेनापती द्युमूरिएच्या ब्रसेल्समधल्या विजयी प्रवेशावर तिने नाटक केलं. ते पडलं, आणि एप्रिलमध्ये तोच द्युमूरिए शत्रूला जाऊन मिळाला. तीन महिन्यांत नायक गद्दार. मग नाटककाराचं काय होणार?

काय होणार ते त्याच वर्षी झालं. जुलै १७९३ मध्ये तिने एक भित्तिपत्रक काढलं: प्रजासत्ताक, संघराज्य की राजेशाही, लोकांना मतपेट्यांतून ठरवू द्या. त्या मार्चमध्येच राजेशाही परत आणण्याची भाषा छापणाऱ्याला मृत्युदंड असा कायदा झाला होता. तिला अटक झाली. घराच्या झडतीत एका अपूर्ण नाटकाचं हस्तलिखित सापडलं, 'वाचलेला फ्रान्स अथवा सिंहासनावरून उतरवलेला जुलमी'. त्यात राणी मारी आंत्वानेत पात्र म्हणून येते, कट करते, राजेशाहीच्या बाजूने बोलते. आणि ओलँप द गूज याच नावाचं पात्र येऊन तिला खडे बोल सुनावतं. सरकारी पक्षाने राणीचे संवाद पुरावा म्हणून मांडले: बघा, ही बाई राणीची भाषा बोलते. ओलँपचं म्हणणं, राणीच्या तोंडी राणीचीच भाषा घालणार ना? वकील मागितला तर तुला स्वतःचा बचाव करण्याइतकी अक्कल आहे, असं उत्तर मिळालं. ३ नोव्हेंबर १७९३ ला तिला गिलोटिनवर चढवलं.

पात्राचं वाक्य म्हणजे लेखकाचं मत नव्हे, हे आपण बी.ए.च्या पहिल्या वर्षी शिकवतो, इतकं साधं. पण तिचा बचाव त्याहून पुढचा होता. तिचं म्हणणं होतं की हे नाटक पूर्ण झालं असतं, मंचावर आलं असतं, तर राणीचे हेच संवाद लोकांना राणीविरुद्ध उभे करते. म्हणजे तिने प्रयोगाच्या नावाने दाद मागितली, आणि न्यायालयाने कागद वाचला. मी सेमिनारमध्ये केलं ते याच जातीचं होतं, फक्त माझ्या चुकीने कुणाचा जीव गेला नाही.

इंग्लंडकडे एकदा पाहायला हवं, कारण तिथे क्रांती झाली नाही आणि भीती मात्र पुरेपूर होती. १७३७ च्या कायद्याने प्रत्येक नाटक आधी सरकारी तपासनिसाकडे जायचं. (महाराष्ट्रात नाटक करणाऱ्यांना संहिता मंडळाकडे पाठवण्याचा अनुभव असल्याने हे वेगळं समजवायला नको.) हॅना काउलीच्या डिसेंबर १७९१ मधल्या 'अ डे इन टर्की'त एक फ्रेंच पात्र क्रांतीच्या गोष्टी करतं, तर छापील प्रतीत काउली सांगते की मला राजकारणातलं काही कळत नाही, आणि वर मेरी वुलस्टनक्राफ्टची थट्टेने क्षमाही मागते. एलिझाबेथ इंचबाल्डने १७९२ मध्ये 'द मॅसेकर' लिहिलं, छापायलाही घेतलं आणि मागे घेतलं. तिच्या हयातीत ते लोकांसमोर आलंच नाही, मंचावर तर नाहीच. ओलँपशेजारी या दोघी भित्र्या वाटतात. मी सिनॉप्सिसच्या पहिल्या खर्ड्यात तसंच लिहिलं होतं, 'तुलनेने सावध'. गाइडने त्याखाली पेन्सिलने विचारलं होतं: "सावध, की परवानगी मिळेल असं लिहिणाऱ्या?" काउलीचं 'मला काही कळत नाही' हे वाक्य मी खरं मानलं, कारण ते सोयीचं होतं. प्रयोगात ते फ्रेंच पात्र तर बोलून गेलंच होतं.

त्या सेमिनारनंतर मी जे बदललं ते अगदी हिशेबाच्या वहीसारखं आहे. प्रबंधातल्या प्रत्येक नाटकासाठी एका तक्त्यात चार रकाने केले: लिहिलं कधी, प्रयोग कधी, छापलं कधी, आणि मी वाचते ती प्रत कुठली. पहिले दोन रकाने बऱ्याचदा रिकामे राहतात. रिकामे ठेवायचे. भाषांतर वापरत असाल तर ते कुठल्या आवृत्तीचं आहे ते आधी शोधा. मी इंग्रजीतून वाचायला सुरुवात केली तेव्हा हे पाहिलंच नव्हतं. फ्रेंच येत नसेल तरी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका या डिजिटल संग्रहात जाऊन जुन्या छापील प्रतींची निदान मुखपृष्ठं पाहायला शिका. नाव, उपशीर्षक, साल, मुद्रक, एवढं तर शब्दकोश घेऊन लागतंच. मी फ्रेंच शिकायला लागले ती त्या सेमिनारच्या पुढच्याच सोमवारी, आणि वर्षभराने १७८८ ची प्रत कशीबशी वाचली.

दोन्ही छापील संहिता शेजारी ठेवून ओळीओळीने तुलना करण्याचं काम सध्या चालू आहे, अर्धा दुसरा अंक झालाय. ताई अजून विभागातच आहे. परवा कॅन्टीनमध्ये तिने विचारलं, "मग १७८९ ला नक्की काय ऐकलं लोकांनी?" मी म्हटलं, अजून तिसरा अंक बाकी आहे.